तोटीवरचा टोला

हेलेनबेके गावात लाम्बर्ट होबेर्ग याची दोन कामे होती. एक पोटाचे आणि एक मानाचे. पोटाचे काम पिंपे घडण्याचे. ओकच्या फळ्या तापवून, भिजवून, वाकवून त्यांना लोखंडी कडी चढवायची आणि खिळा किंवा सरस न वापरता पिंपाने पाणी धरले पाहिजे, हा त्याच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा धंदा होता. धातूची पिंपे आल्यापासून तो धंदा उतरणीला लागला होता. तरीही लाम्बर्ट रोज सकाळी सात वाजता कामाच्या खोलीचे दार उघडी आणि बाराच्या ठोक्याला जेवणाच्या टेबलाशी बसे. चर्चचे घड्याळ बारा वाजवी तेव्हा त्याचा चमचा सुपात असे. त्याची बायको योझेफा म्हणे, की आमच्या घरात घड्याळाला किल्ली द्यावी लागत नाही, माझा नवराच देतो.

मानाचे काम वर्षातून एकदाच, आणि तेही काही मिनिटांचे. जूनच्या अखेरीस गावातल्या नेमबाज-मंडळाचा तीन दिवसांचा उत्सव भरे. उंच खांबावर बसवलेला लाकडी पक्षी जो गोळीने पाडील तो त्या वर्षाचा राजा. मिरवणूक, नाच आणि बिअर यांत शनिवार-रविवार सरत. सोमवारी संध्याकाळी नऊ वाजता लाम्बर्ट हेझलची काठी घेऊन मंडपातल्या शेवटच्या पिंपापाशी जाई. ढोल वाजे. तो पिंपाच्या तोटीवर काठीचा एक टोला मारी आणि तिच्यावर खडूची आडवी रेघ ओढी. त्यानंतर मंडपात कोणी थेंबभरही बिअर ओतायची नाही. मग बँड प्रार्थनेची धून वाजवी, लोक टोप्या काढून उभे राहत आणि उत्सव संपे.

या विधीला साऱ्या जर्मन मुलखात जे नाव आहे तेच हेलेनबेकेतही होते: त्साप्फेनश्ट्राइख. बराकीतल्या शिपायाला हा शब्द म्हणजे रात्री परतण्याची ठरलेली वेळ. ती चुकली की कोठडी. राजधानीत त्याचा अर्थ मशाली, चकचकीत शिरस्त्राणे आणि मोठ्या पदावरून उतरणाऱ्या माणसाला वाद्यांच्या गजरात दिलेला निरोप. हेलेनबेकेचे लोक मात्र शब्दाला जसाच्या तसा धरून होते. तोटीवरचा टोला म्हणजे तोटीवरचा टोला. तो मारणाऱ्याला ते जुन्या लष्करी शिरस्त्याप्रमाणे 'प्रोफोस' म्हणत, आणि १९४९ पासून प्रोफोस लाम्बर्ट होता.

टोल्याची वेळ लिहून ठेवण्यासाठी त्याने एक वही केली होती. तीत प्रत्येक वर्षापुढे एकच नोंद होती: ९.००. पंचवीस वर्षांत ती कधी बदलली नव्हती. याचा त्याला अभिमान होता आणि त्याच्या घरात एक खुर्ची रिकामी होती, तीही याच वहीच्या पहिल्या ओळीमुळे.

ती गोष्ट अशी. युद्धामुळे दहा वर्षे बंद पडलेला उत्सव १९४९ मध्ये पुन्हा भरला. आधीचा प्रोफोस टिगेस युद्धाच्या काळातच वारला होता. मागे उरली होती फक्त त्याची काठी, आणि त्याच्या विधवेने ती मंडळाला परत केली. लाम्बर्ट तेव्हा चाळीस वर्षांचा, नॉर्वेतल्या रसद-कोठारातून धडधाकट परतलेला. पिंपाची जाण असलेला माणूस म्हणून काठी त्याच्या हाती आली. टिगेसच्या वेळी ढोलाचे तीन कडाके होत आणि त्यांच्यामध्ये लांबलचक विराम असत. म्हातारा नुसता उभा राही, ढोलवाला नुसता उभा राही, आणि लोक खाकरत. लाम्बर्टला हा वेंधळेपणा वाटला. त्याने ढोलवाल्याला सांगितले, की तिन्ही कडाके एकामागोमाग एक, आणि नवाच्या ठोक्याला टोला. तसे झाले. सगळ्यांना ते नीटनेटके वाटले.

खडूची रेघ ओढून तो मागे वळला तेव्हा मंडपाच्या तोंडाशी एक माणूस उभा होता. जूनमध्ये अंगात कापूस भरलेले जाकीट, खांद्यावर गाठोडे, पायांत दोन निरनिराळे बूट. तो योझेफाचा धाकटा भाऊ क्लेमेन्स होता. पाच वर्षे तो रशियात कैदेत होता. शेवटचे पत्र येऊन दीड वर्ष झाले होते. आठच्या गाडीने तो खालच्या स्थानकावर उतरला, चढ चढून आला, घराला कुलूप दिसले, तसा ढोलाच्या आवाजामागे मंडपात आला. आधी कोणी ओळखले नाही. मग सगळ्यांनी एकदम ओळखले.

"एक पेला दे, लाम्बर्ट," क्लेमेन्स म्हणाला.

"टोला पडला, क्लेमेन्स. घरी चल. घरी देतो."

मद्यगृहाचा मालक पिंपाजवळच होता. त्याने तोटीकडे हात नेला. लाम्बर्टने काठी तोटीसमोर आडवी धरली आणि म्हणाला, "नियम तो नियम."

क्लेमेन्सने काठीकडे पाहिले, रेघेकडे पाहिले, गाठोडे पुन्हा खांद्यावर टाकले आणि तो निघून गेला. योझेफा दुसऱ्या टोकाला बायकांच्या बाकावर होती. गर्दीतून वाट काढीत ती बाहेर पोचेपर्यंत तो वरच्या वाटेला लागला होता. ती रात्र त्याने लाकडाच्या गिरणीत काढली, पुढे तिथेच काम धरले आणि तिथेच राहिला. लाम्बर्टच्या हातात काठी आहे तोवर त्याच्या छताखाली आणि त्या मंडपाखाली पाऊल टाकणार नाही, असे त्याने बहिणीला सांगितले, आणि तो शब्द पाळला. योझेफाने नाताळचे जेवण पंचवीस वर्षे दोनदा वाढले. बारा वाजता नवऱ्याला, आणि तीन वाजता झाकलेल्या भांड्यातून गिरणीवर भावाला. तिने नवऱ्याला दोष दिला नाही. मात्र टेबलाशी तिसरी खुर्ची तिने कायम ठेवली, आणि लाम्बर्टने ती हलवायला कधी सांगितले नाही.

लाम्बर्टचे म्हणणे एवढेच होते, की मी नियमाप्रमाणे वागलो. गावातही कोणी उघड वेगळे म्हणत नसे.

१९७४ साली मंडळाला तीनशे वर्षे पूर्ण होणार होती. त्याच वर्षी लाम्बर्टला पासष्ट पुरी होत होती, आणि मंडळाच्या घटनेप्रमाणे पासष्टीनंतर प्रोफोसने काठी पुढच्याकडे द्यायची होती. योझेफाच्या डोळ्यांपुढे मात्र तिसरीच तारीख होती. गिरणी ऑगस्टमध्ये बंद पडणार होती आणि क्लेमेन्स डोर्टमुंडला चुलत पुतणीकडे कायमचा राहायला जाणार होता. मार्च महिन्यात एके दिवशी बटाटे सोलता सोलता तिने ही बातमी नवऱ्याला दिली, आणि वर एवढेच म्हणाली, "ऑगस्टच्या आत एकदा तरी तो या टेबलाशी जेवलेला मला बघायचाय. कसा ते तू बघ."

योझेफाने पंचवीस वर्षांत त्याच्याकडे या विषयावर मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

त्याच आठवड्यात शाळेचे हेनेके मास्तर त्याच्याकडे आले. त्रिशताब्दीनिमित्त निघणाऱ्या पुस्तिकेत टोल्याची माहिती द्यायची होती. हा विधी आला कुठून, त्याचा अर्थ काय, हे प्रोफोसनेच सांगावे, असे मास्तरांचे म्हणणे पडले. लाम्बर्टने प्रामाणिकपणे सांगितले, की मारायचा कसा ते मला येते. आला कुठून ते मला ठाऊक नाही. मग दोघे मिळून चर्चच्या सामानाच्या खोलीतली मंडळाची पेटी उघडायला गेले. पेटीत वर झेंड्याच्या चिंध्या होत्या, खाली मेणबत्त्यांचे तुकडे आणि तळाशी कातडी बांधणीची एक वही. तिची लिपी जुन्या वळणाची होती. लाम्बर्टला तीतले अक्षर लागेना. मास्तर चष्मा कपाळावर सारून, पान नाकाशी धरून वाचू लागले.

आधी मास्तरांनी स्वतःजवळचे सांगितले. भाडोत्री सैन्यांच्या काळात छावणीमागून दारू विकणाऱ्यांच्या गाड्या चालत. दिवसभर लढलेला किंवा नुसता चाललेला सैनिक संध्याकाळी पिंपापाशी बसला, की उठत नसे; सकाळी पलटणीचा निम्मा भाग गाडीखाली झोपलेला सापडे. म्हणून छावणीतली शिस्त राखणारा अधिकारी, म्हणजे प्रोफोस, ठरल्या वेळी ढोलवाल्याला आणि सनईवाल्याला बरोबर घेऊन एकेका गाडीपाशी जाई, तोटीवर काठी मारून ती बंद करी आणि वर खडूची रेघ ओढी. सकाळी रेघ पुसलेली आढळली, की विक्रेत्याची खैर नसे. पुढे गाड्या गेल्या आणि बराकी आल्या. काठी गेली आणि ढोलाचाच इशारा उरला. ढोलाच्या जागी तुतारी आली. शेवटी तोटी कुठली आणि टोला कुठला, हे विसरून लोक त्या इशाऱ्यालाच ते नाव देऊ लागले. मोठमोठ्या शहरांत आज वाजतो तो सगळा थाट त्या काठीच्या एका टोल्यातून वाढलेला आहे.

"म्हणजे मूळचा आपलाच," लाम्बर्ट म्हणाला. त्याला बरे वाटले.

"मूळचा पिंपाचा," मास्तर म्हणाले. "आता तुमचा बघू."

गावाचे मंडळ स्थापन करणारे सात जण त्या लढायांतूनच परतलेले होते. छावणीतला रिवाज त्यांनी गावात आणला, पण त्याला एक जोड दिली. ती वहीच्या चौथ्या पानावर होती. मास्तरांनी ती दोनदा वाचली, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा आवाज खाली आला, कारण १९४९ साली तेही मंडपात होते.

कलम असे होते. टोल्याआधी प्रोफोसने तीनदा पुकारावे: 'वाटेवरून आलेला कोणी कोरड्या घशाने उभा आहे काय? असल्यास बोलावे.' प्रत्येक पुकाऱ्यानंतर 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' ही प्रार्थना एकदा सावकाश म्हणून होईल इतके थांबावे. कोणी बोलल्यास त्याला पेला भरून द्यावा आणि पेला रिकामा होऊन पिंपाशी परत येईपर्यंत टोला मारू नये. कारणही शेजारीच दिले होते. छावणीत पहाऱ्यावरून उशिरा सुटलेला सैनिक नेहमी कोरडाच झोपे, आणि आपल्या गावात तसे होऊ नये, असे त्या सातांनी ठरवले होते. पुढच्या कलमात प्रोफोसने स्वतः त्या दिवशी सकाळपासून टोला पडेपर्यंत दारूला शिवू नये असे होते. हे एक कलम लाम्बर्टला ठाऊक होते; तो ते काटेकोर पाळत असे.

"पण टिगेस तर काही पुकारत नसे," लाम्बर्ट म्हणाला.

मास्तरांनी वही मिटली. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने टिगेसचा घसा गेला होता, हे दोघांनाही माहीत होते. मोठ्याने पुकारणे त्याला शक्य नव्हते. त्याने पुकाऱ्यांच्या जागी ढोलाचे कडाके घातले आणि विराम मात्र ठेवले. ते विराम रिकामे नव्हते. लाम्बर्टने विराम काढले तेव्हा ज्या काही म्हाताऱ्यांना जुने पुकारे आठवत होते त्यांना वाटले, हा नव्या प्रोफोसचा कारभार आहे. आणि उत्सवात म्हाताऱ्यांना विचारतो कोण.

लाम्बर्ट घरी आला. वही काढून त्याने पहिली ओळ पाहिली. तो हिशेबी माणूस होता, म्हणून त्याने तोही हिशेब केला: तीन पुकारे, तीन प्रार्थना. स्थानकावरून चढ चढून आलेला माणूस रेघ ओढली तेव्हा मंडपाच्या तोंडाशी होता. विराम राखले असते तर क्लेमेन्स दुसऱ्या पुकाऱ्याला आत असता. आपण नियमाने वागलो, या वाक्यावर त्याने पंचवीस वर्षे घर चालवले होते. ते वाक्य चुकीचे होते. नियम त्यानेच मोडला होता.

त्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी त्याने हे सारे योझेफाला सांगितले. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, हे मला सांगून काय उपयोग. गिरणीची वाट तुला ठाऊक आहे.

ती वाट चढायला त्याला जवळजवळ महिना लागला. ईस्टर उलटल्यावर एका शनिवारी, अंगात रविवारचा कोट घालून, तो वर गेला. क्लेमेन्स गिरणीच्या ओसरीवर करवतीच्या पात्याला तेल लावीत होता. साठीचा, वाळका, केस पूर्ण पांढरे. त्याने बसायला सांगितले नाही, म्हणून लाम्बर्ट उभाच राहिला आणि उभ्या उभ्या त्याने चौथ्या पानावरचे कलम तोंडपाठ म्हणून दाखवले. शेवटी म्हणाला, "म्हणून सांगतो, टोला चुकीचा पडला. चूक माझी."

क्लेमेन्स पाते पुसत राहिला.

"आणि हे शोधायला तुला पंचवीस वर्षं लागली?"

"वही पेटीत होती."

"वहीत नसतं तर चूक नव्हती म्हणायची."

क्लेमेन्सने पाते भिंतीला टेकवले. "मी काय पेल्यासाठी रुसलो, असं वाटलं होय तुला? बिअर काय, कुठंही मिळते. तू काठी आडवी धरलीस. वर म्हणालास, नियम तो नियम. पाच वर्षं रोज हेच ऐकत होतो. तिकडं फाटकावरचा पहारेकरी बंदूक अशीच धरायचा. वाटलं, चला, घरी पोचलो. आणि फाटकावर तू."

हे त्याने शांतपणे, जणू लाकडाचे माप सांगावे तसे सांगितले. लाम्बर्टने टोपी काढून हातात घेतली होती. ती कधी काढली हे त्याला कळले नव्हते. या वर्षी पुकारे होतील, असे तो म्हणाला.

"होऊ देत."

"तू यावंस."

"मंडपात मी येत नाही. शब्द दिलाय, योझेफाला ठाऊक आहे. तुझे नियम असतात, लाम्बर्ट, तसे माझेही आहेत." मग पाते पुन्हा उचलीत तो म्हणाला, "उतारावर जपून जा. गुडघे तुझे काही तुझ्या घड्याळासारखे राहिले नसतील."

मंडळाच्या बैठकीत विषय काढणे त्याहून सोपे नव्हते. मंडळाच्या प्रमुखाला कर्नल म्हणत, आणि तो होता दुग्धालयाचा व्यवस्थापक श्टुटे. त्याने त्रिशताब्दीचा कार्यक्रम मिनिटामिनिटाने आखला होता, आणि असा आखावा हे त्याला लाम्बर्टनेच शिकवले होते. बाहेरगावचा बँड नऊ वाजून दोन मिनिटांनी धून सुरू करणार, असे छापूनही झाले होते. लाम्बर्ट उभा राहिला आणि त्याने कलम वाचून दाखवले. मग कोणी न विचारता सांगितले, की १९४९ साली मी विराम काढून टाकले आणि ते बेकायदा होते. पंधरा माणसांनी टेबलाकडे पाहिले. श्टुटेने बँडची अडचण मांडली. ढोल वाजवणारा विगबर्ट खाटीक, ज्याचे पोट ढोलाहून मोठे होते, तो म्हणाला, "पंचवीस वर्षं हा माझ्या मागं लागलाय, विगबर्ट, आटप. आता म्हणतो, विगबर्ट, थांब. माझ्या हातांनी ऐकायचं तरी कुणाचं?" लोक हसले, आणि हसण्यातच ठराव संमत झाला. श्टुटेने बँडला कळवण्याची जबाबदारी लाम्बर्टवर टाकली. लाम्बर्टने पत्र त्याच दिवशी पाठवले.

उत्सवासाठी तो दर वर्षी एक लाकडी पिंप स्वतःच्या हाताने तयार ठेवी. बाकीची बिअर धातूच्या टाकीतून येई, पण शेवटचे पिंप ओकचेच, कारण टाकीला टोला मारण्यासारखी तोटी नसते. या वर्षीच्या पिंपाच्या फळ्या त्याने दोन वर्षे वाळवल्या होत्या.

सोमवारी नवाला पाच मिनिटे असताना मंडप भरला. सूर्य मावळला होता, उजेड बाकी होता. उकाड्यामुळे मंडपाचे बाजूचे कापड वर गुंडाळले होते आणि बाहेरची चर्चची बुटकी भिंत आतून दिसत होती. भिंतीवर कोणी कोणी बसले होते. लाम्बर्टने तिकडे पाहिले नाही. तो पिंपापाशी उभा होता. समोर राजा आणि राणी, उजवीकडे बँड. योझेफा या वेळी बायकांच्या बाकावर नव्हती. कडेच्या खांबाला टेकून उभी होती.

नवाचे ठोके पडले. विगबर्टने कडाका दिला. लाम्बर्टने पुकारले. मोठ्याने बोलायची सवय नसल्याने पहिले शब्द घशातच राहिले, पण शेवटचे पोचले. मग तो थांबला. त्याचे ओठ हलत होते. जे जवळ होते त्यांना कळले, की तो खरोखरच प्रार्थना म्हणतो आहे. कोणी बोलले नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "मी कोरडा आहे, पण वाटेवरून आलो नाही, बाकावरच होतो," आणि त्याच्या बायकोने त्याला गप्प केले.

दुसरा कडाका, दुसरा पुकारा. लाम्बर्टने प्रार्थना पहिल्यापेक्षाही सावकाश म्हटली. बँडच्या म्होरक्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. कोणी बोलले नाही.

तिसरा कडाका झाला. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर लाम्बर्टने प्रार्थना म्हणायला घेतली आणि ती 'आमेन'पर्यंत आणली. एकच प्रार्थना, वहीत दोन लिहिलेल्या नव्हत्या. ती संपल्यावर आणखी थांबायचा त्याला अधिकार नव्हता. त्याने काठी उचलली.

"आहे," योझेफा म्हणाली.

ती खांबापासून पिंपाशी आली. लग्नाला सदतीस वर्षे झाली, पण या पिंपाची बिअर तिने कधी मागितली नव्हती. "मी पंचवीस वर्षं वाटेवर आहे," ती म्हणाली. "गिरणीची वाट आणि घरची वाट. घसा कोरडा आहे. पेला भर."

कलमात 'कोणी' असा शब्द होता. पुरुष असे म्हटले नव्हते. लाम्बर्टने काठी काखेत धरली आणि पेला स्वतः भरला, फेस बसू दिला, पुन्हा भरला, आणि तिला दिला. तिने तो ओठांना लावला नाही. दोन्ही हातांनी धरून ती मंडपाच्या कडेला गेली, गुंडाळलेल्या कापडाखालून वाकून बाहेर पडली आणि गवत ओलांडून चर्चच्या भिंतीशी पोचली. भिंतीवर, लिंडेनच्या झाडाखाली, क्लेमेन्स बसला होता. मंडपाचे छत तिथपर्यंत पोचत नव्हते.

पेला परत येईपर्यंत टोला मारायचा नव्हता. लाम्बर्ट काठी धरून उभा राहिला. तीनशे माणसे त्याच्याबरोबर उभी राहिली. श्टुटे काही म्हणायला पुढे झाला, तसे हेनेके मास्तरांनी त्याच्या बाहीला हात लावला. बाहेर क्लेमेन्सने पेला उजेडात धरून पाहिला आणि बहिणीला काहीतरी म्हणाला. ती त्याच्या शेजारी भिंतीवर बसली. त्याने प्यायला घेतले. तो घाई करीत नव्हता. मध्ये एकदा पेला खाली ठेवून त्याने नाक पुसले. विगबर्ट हळूच म्हणाला, की हा माणूस पंचवीस वर्षांची सगळी एकदम पितोय. कोणी हसले नाही, पण कोणी रागावलेही नाही.

योझेफा पेला घेऊन परत आली. त्यात दोन बोटे बिअर शिल्लक होती.

"म्हणतो, कोमट आहे," ती म्हणाली. "आणि राहिलेली तुझी."

लाम्बर्टने पेल्याकडे पाहिले. पेला रिकामा झाल्याशिवाय टोला नाही, असे एक कलम म्हणत होते. टोल्याआधी प्रोफोसने दारूला शिवायचे नाही, असे दुसरे म्हणत होते. बिअर जमिनीवर ओतता आली असती. तसे करू नये असे कुठे लिहिलेले नव्हते. त्याने मंडपाबाहेर पाहिले. क्लेमेन्स भिंतीवर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, त्याच्याकडेच पाहत होता.

लाम्बर्टने पेला तोंडाला लावला आणि रिकामा केला. बिअर खरोखरच कोमट झाली होती. पेला त्याने पिंपावर पालथा ठेवला, काठी उचलली आणि तोटीवर टोला मारला. खडूची रेघ ओढली. बँडने धून सुरू केली, लोकांनी टोप्या काढल्या. भिंतीवर बसलेल्या माणसानेही काढली. धून संपल्यावर लाम्बर्टने काठी नव्या प्रोफोसच्या हाती दिली आणि त्याला सांगितले, की प्रार्थना मनात म्हणायची, पण अर्धी सोडायची नाही.

घरी आल्यावर त्याने वही उघडली. एकाखाली एक पंचवीस ओळींत ९.०० असे होते. सव्विसाव्या ओळीत त्याने ९.१४ असे लिहिले, आणि कारण लिहिण्यासाठी जागा होती तरी कारण लिहिले नाही.

पुढच्या रविवारी योझेफाने न विचारता तीन ताटल्या मांडल्या. चर्चच्या घड्याळाने बारा वाजवले. सूप टेबलावर आले, त्याच्यावर झाकण होते. लाम्बर्ट चमचा न उचलता खिडकीतून वरच्या वाटेकडे पाहत बसला. सव्वा बारा वाजता क्लेमेन्स दाराशी आला, उंबऱ्यावर बूट झटकले आणि म्हणाला, की गिरणीच्या उतारावर गुडघे आता त्याचेही पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. मग तो तिसऱ्या खुर्चीवर बसला, आणि योझेफाने झाकण काढले.